भिंतीपलीकडचा पांढरा

इंदूबाईच्या मधल्या खोलीत भर दुपारी सुईत दोरा ओवता यायचा. आमच्या मधल्या खोलीत त्याच वेळी सुई पडली तर दिवाळीच्या झाडलोटीपर्यंत सापडत नसे. दोन्ही खोल्या एकाच घरमालकानं, एकाच गवंड्याकडून, एकाच मापानं बांधून घेतलेल्या. मध्ये भिंत एक. तिच्या बाजूनं ती भिंत उजळ दिसायची आणि माझ्या बाजूनं सुतकात असल्यासारखी. हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या दिवसापासून मला इंदूबाईचा हेवा वाटायला लागला. आता ती नाही, आम्हीही ती जागा सोडली, पण हेवा आहे तिथंच आहे.

हिंगोलीला स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला आमची गल्ली होती. घरं अरुंद आणि लांबच लांब, एकमेकांना चिकटलेली. पुढच्या खोलीला रस्त्याचा उजेड, मागच्या स्वयंपाकघराला परसातला, आणि मधल्या खोलीच्या वाट्याला या दोघींनी टाकलेला उष्टा उजेड. खिडकी काढायची तर दोन्ही अंगांना शेजारी. गल्लीत सगळ्यांच्याच मधल्या खोल्या काळोख्या होत्या, त्यामुळं त्याचं दुःख कुणालाच नव्हतं. इंदूबाई राहायला आली आणि माझ्यापुरतं तरी ते सुरू झालं.

ती साखरा गावची. सरकारी दवाखान्यात नर्स. नवरा एसटीवर ड्रायव्हर. उंच, सावळी, हाडापेरानं मोठी बाई, आणि अंगावर कांजी केलेली पांढरीशुभ्र साडी. ती साडी खोचून लूनावर बसून ती सकाळी निघाली की गल्लीतल्या आम्ही बायका हातातला झाडू हातात धरून बघत राहायचो. सगळे तिला सिस्टरबाई म्हणत. मीही तोंडावर तेच म्हणायची. मनात मात्र इंदूबाई, कारण मनात तरी तिला तो मान द्यायची माझी तयारी नव्हती.

तिला एक खोड होती. बोलता बोलता समोरच्याची हनुवटी धरायची, तोंड उजेडाकडं वळवायचं, अंगठ्यानं डोळ्याची खालची पापणी ओढून बघायची आणि निकाल द्यायची, "रक्त कमी हाय तुमच्यात." यातून कुणी सुटलं नाही. दूधवाल्याचं रक्त कमी, पोस्टमनचं कमी, माझं तर कायमचंच कमी. घरमालक एकदा भाडं वाढवायचं बोलायला तावातावानं आला होता. तिनं त्याचीही पापणी ओढली. तो पालक आणि गूळ-शेंगदाणे खायचा सल्ला घेऊन खालमानेनं परत गेला, आणि भाड्याचं बोलणं पुढच्या वर्षावर पडलं.

स्वतःची तारीफ करायचं काम ती कधी दुसऱ्यावर सोपवत नसे. "माझ्या हातचं इंजेक्शन लेकराला कळत बी न्हाई," असं ती म्हणायची आणि तेव्हाच शेजारी एखादं पोरगं गल्ली डोक्यावर घेऊन रडत असायचं. "ते भ्यालं म्हणून रडून राहिलं. दुखलं म्हणून न्हाई." तिचा नवरा शांत माणूस. ड्यूटीवरून आला की स्वतः चहा करायचा आणि तिलाही द्यायचा. ती बशीत ओतून फुर्रकन् ओढायची. आमच्या घरात चहाचं पातेलं कुठल्या फळीवर असतं हे आमच्या ह्यांना अजून माहीत नाही. ते मोंढ्याच्या बाजारात आडतीवर मुनीम. हळदीच्या दिवसांत संध्याकाळी घरी यायचे ते पिवळेधमक होऊन, आणि आल्या आल्या चहा मागायचे.

पण खरं दुखणं होतं त्या खोलीचं.

तेव्हा आम्ही सगळे दिवाळीला चुना लावायचो. भिंत पांढरी दिसावी म्हणून चुन्यात नीळ टाकायची, ही रीत आईपासून चालत आलेली. ज्याची नीळ जास्त त्याची भिंत पांढरी. इंदूबाईनं पहिल्याच दिवाळीला पदर खोचून, डोक्याला फडकं बांधून स्वतः चुना लावला आणि त्यात निळीचा कण टाकला नाही. मी दारातून बघत होते. न राहवून म्हणाले, "सिस्टरबाई, नीळ राहिली."

"नीळ मी साडीला घालते, वैनी. साडी उन्हात फिरती. भिंतीला कुठं ऊन भेटतं?"

"पण पांढरं दिसायला नको का?"

"भिंत बघूच नका. भिंतीपुढं माणूस बसवा आन् माणूस बघा. माणूस आजारी दिसून राहिला का समजा रंग चुकला. दवाखान्यात मी जलमभर तेच बघत आले. चांगला धडधाकट माणूस भेटायला येतो, आन् त्या निळ्या-पांढऱ्या भिंतीपुढं उभा राहिला की ह्यालाच भरती करावं वाटतं."

ती हे हसत सांगत होती, पण माझं लक्ष बादलीकडं होतं. नीळ नव्हती, पण काहीतरी घातलेलं होतं. चुना दुधासारखा नव्हता, सायीसारखा होता. मी विचारलं तर म्हणाली, "ते आमच्या घरचं हाय." बाकी सगळं ओरडून सांगणारी बाई हे एवढं सांगेना.

त्यानंतर मी रोज ताडून बघायला लागले. तिच्या खोलीत बसलेली माणसं ताजी दिसायची. मी तिथं बसले तर तिच्या आरशात मीसुद्धा बरी दिसायची. घरी येऊन आमच्या खोलीत बघावं तर ओठ निळसर, डोळ्याखाली काळं, जसं काही महिनाभर ताप येऊन गेलाय.

त्याच सुमारास सासरे गेले आणि सासूबाई पुसेगावहून आमच्याकडं राहायला आल्या. सासूबाई म्हणजे कमी बोलणारी, तोंडावर कुणाला बरं न म्हणणारी बाई. लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांनी मला नावानं हाक मारलेली नव्हती. समोर असले तर 'अगं', नसले तर 'ही'. माझ्या पुरणपोळीवर त्यांचं म्हणणं एवढंच, की जळली न्हाई. त्यांच्या तोंडून एकदा तरी चांगला शब्द ऐकावा, एवढं एकच मला त्या घरात कमवायचं होतं. त्यासाठी मी काय नाही केलं! रोज त्यांच्या पायांना तेल लावायची, त्यांची भाकरी मऊ, त्यांचं पाणी कोमट. शब्द काही येत नव्हता.

आल्या आल्या त्यांच्या तळपायात काटा मोडला आणि पिकला. इंदूबाई पट्टी करायला तयार झाली, पण म्हणाली, "तुमच्या खोलीत मला जखम दिसत न्हाई. आजीला माझ्याकडं आणा." पाय बरा झाला, तरी सासूबाई दुपारी तिकडंच जायला लागल्या. सकाळपाळी करून इंदूबाई दुपारी घरी असायची. सासूबाई सुपात डाळ घ्यायच्या आणि निघायच्या.

"इथं निवडा की," मी म्हणायची.

"हितं खडे दिसत न्हाईत."

"तिची खोलीही अशीच आहे. मधलीच आहे."

"असंल. तिथं दिसतात."

सासूबाई जुन्या वळणाच्या. इंदूबाईच्या खोलीत कोनाड्यात बुद्धाची मूर्ती होती. आपण कुणाच्या घरी बसतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बसायला त्यांची हरकत नव्हती, पण तिथलं पाणी घेत नसत. तहान लागली की सूप खाली ठेवून घरी यायच्या, घटाघटा पाणी प्यायच्या आणि परत जायच्या. इंदूबाईला ते कळत नव्हतं असं थोडंच. एके दिवशी तिनं स्पष्टच सांगितलं, "आजी, माठ तिथं हाय. मी देणार न्हाई आन् इचारणार बी न्हाई. तहान लागली तर तुमी मागा." सासूबाई सूप खाली ठेवून घरी पाणी प्यायला आल्या. दोघीही तिखट. एक अख्खा उन्हाळा सासूबाई पाण्यासाठी दोन घरांमध्ये ये-जा करत राहिल्या आणि इंदूबाई मांडीवर मांडी घालून बघत राहिली.

मग एका दुपारी गोष्ट निघाली पोताऱ्याची. खेड्यात मातीच्या भिंतींवर पांढऱ्या मातीचा हात फिरवतात, तो पोतारा. इंदूबाईच्या साखऱ्याच्या घराला एक दार आणि खिडकी नाहीच. तिची आई पांढऱ्या मातीत मूठभर पिवळी माती कालवायची आणि म्हणायची, आपल्या घरात दिवसा दिवा लावायला तेल न्हाई, तर भिंतच दिवा. सासूबाईंना एकदम माहेरची भिंत आठवली. त्या सांगायला लागल्या, आणि त्या कधी सांगायला लागत नसत. सांगता सांगता घसा कोरडा पडला आणि त्यांच्याही नकळत तोंडातून गेलं, "इंदे, पाणी दे गं." इंदूबाईनं उठून तांब्या भरून दिला आणि पुढची गोष्ट विचारली. या गोष्टीची तिनं कधी कुठं बढाई मारली नाही. मला हे सासूबाईंनीच सांगितलं, आणि तेही तिची तारीफ म्हणून. मी भाकरी थापत होते. त्या दिवशीच्या भाकरी जाड झाल्या.

तर अशी तारीफ रोज संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात यायला लागली. इंदी अशी, इंदी तशी. इंदीच्या खोलीत कसं मोकळं वाटतं. मला एकच कळलं, की सासूबाई इंदूबाईला नाही, त्या खोलीला भुलल्या आहेत. खोली तशी केली की बाई घरी बसेल. पोताऱ्यातल्या पिवळ्या मातीवरून मी ताडलं, की इंदूबाई चुन्यात काहीतरी पिवळं घालते. आता आमच्या घरात पिवळ्याला काय तोटा! ह्यांनी मोंढ्यातून आणलेली हळद डब्यात, बरणीत, पिशवीत, सगळीकडं.

पुढच्या दिवाळीला मी चुन्याच्या बादलीत मूठभर हळद टाकली.

कुंकू कशाचं करतात हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे हिंगोलीतल्या शाळेत न गेलेल्या पोरीलाही ठाऊक असतं. पण हेव्यानं पेटलेल्या बाईला घरचीच गोष्ट आठवत नाही. बादलीत रंग जरा तांबूस झाला तेव्हाही मला वाटलं, ओला चुना कुठं खरा दिसतो, वाळला की पांढरा होईल. वाळला तेव्हा खोली कुंकवानं माखल्यासारखी झाली होती. कुठं फिकी, कुठं गडद, आणि कोपऱ्यांत ओघळ. सासूबाई दारात उभ्या राहिल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, "नारळ कुठं फोडायचा?"

गल्लीतल्या बायका बघायला आल्या. इंदूबाई ड्यूटीवरून थेट लूनासकट दारात आली. मला वाटलं, आता ही हसून हसून मरणार. ती हसलीच. कमरेवर हात ठेवून हसली. मग माझी हनुवटी धरून म्हणाली, "वैनी, उन्हातली भिंत असती तर हळद उडून तरी गेली असती. आता हितं ऊन कुठून आणावं?" आणि जाता जाता सांगून गेली, की ती घालते ती पिवडी, पिवळ्या मातीची पूड, दुकानात पुडीत मिळते, चिमूटभर. तिनं ते गुपित असं, भीक घातल्यासारखं दिलं, म्हणून मी हट्टानं पिवडी आणलीच नाही. वरून चुन्याचे दोन हात मारले, नीळ घालून. कुंकू खालून डोकावत राहिलं आणि खोली आणखी अंधारी झाली.

अशी वर्षं गेली. हिंगोली जिल्हा झाला, ऑफिसं आली, गल्लीत चुना जाऊन डिस्टेंपर आला. दुपारची वीज जायला लागली, आणि मधल्या खोल्यांमध्ये बल्बचाही आधार उरला नाही. इंदूबाईनं लूना विकून स्कूटी घेतली. सासूबाई म्हाताऱ्या झाल्या. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तरी त्यांना माणसं सावलीसारखी दिसायची, आवाजही धड ओळखू यायचे नाहीत. मग पाय गेले आणि त्या अंथरुणाला खिळल्या. पुढच्या खोलीत रस्त्याचा गलका आणि आल्यागेल्यांची वर्दळ, म्हणून त्यांची खाट मधल्या खोलीत टाकली.

पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "मला हितून काढा. विहिरीत टाकल्यावाणी वाटतं."

"मग कुठं ठेवू?" ह्यांनी विचारलं.

"इंदीच्या खोलीत."

आम्हाला वाटलं, बोलून जातील. पण त्यांनी तोच धोशा लावला. जेवण कमी केलं. पुसेगावहून थोरले दीर भेटायला आले. आईचं हे बोलणं ऐकून ते माझ्याकडं बघत म्हणाले, "सून असताना म्हातारी शेजारणीच्या घरी मरायचं काहून म्हणून राहिली? लोक काय इचारतील?" लोक काय विचारणार ते मला माहीत होतं. एवढी वर्षं पाय चेपले, आणि शेवटी गावात नाव होणार होतं, की म्हातारीला सुनेच्या घरात मरवेना. जातीचं बोलणं निघालं असतं ते वेगळंच; पण खरं सांगते, मला त्याचं काही नव्हतं. शेजारी दुसरी कुणी असती तरी मला तेवढंच लागलं असतं. मला इंदूबाईपुढं हरायचं नव्हतं.

ह्यांनी शेवटी जाऊन तिला विचारलं. ती लगेच म्हणाली, "आणा. माझी ना न्हाई. आजीनं माझ्या घरात हक्कानं पाणी मागितलंय." मी ह्यांच्या मागं उभी होते. तिनं माझ्याकडं पाहिलं, नेहमीसारखी हनुवटी धरली, पण पापणी ओढली नाही. म्हणाली, "थांबा. आधी तुमची खोली बघू."

दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली. रंगाच्या दुकानात मला बरोबर नेलं. दुकानदारानं शेड कार्ड पुढं टाकलं आणि एका चौकोनावर बोट ठेवून म्हणाला, "मॅडम, ये सबसे सफेद है." इंदूबाई म्हणाली, "सबसे सफेद तुम रखो. हमारे रूम में धूप नहीं आती." कार्डावरचे पांढरे मला सगळे एकसारखे. तिनं तिथं काही ठरवलंच नाही. दुकानात ट्यूबलाइट होती, त्या उजेडात रंग पसंत करणारा माणूस येडा, असं दुकानदाराच्या तोंडावर सांगून तिनं साधा पांढरा डिस्टेंपर आणि रंगांच्या चार पुड्या घेतल्या.

भर दुपारी, वीज गेलेली असताना, ती आमच्या खोलीत कामाला लागली. वाट्यांमध्ये पांढरा घेतला, एकेकात वेगवेगळी चिमूट टाकली आणि खाटेमागच्या भिंतीवर हातभर पट्टे ओढले. मग स्वतः दाराशी उकिडवी बसली आणि भिंतीकडं न बघता सासूबाईंच्या तोंडाकडं बघत राहिली. मी म्हणाले, "तुमच्या खोलीतलाच लावा की. पिवडीचा."

"तो हितं चालत न्हाई. बघा, आजी कशा काविळीच्या दिसून राहिल्या त्याच्यापुढं." मग मागच्या दाराकडं बोट केलं. "माझ्या मागं उघडं आभाळ हाय, उजेड गार येतो. म्हणून मला पिवळा लागतो. तुमच्या मागं लिंब हाय. त्याच्यातून गाळून उजेड येतो, तो हिरवा. तुमाला तांबडा पाहिजे. कावेचा, गेरूचा. पर इतका कमी, की कुणाला तांबडा हाय म्हणून कळू नये."

परसातला तो कडुलिंब मी रोज झाडत होते. त्याचा हिरवा रंग आमच्या खोलीत येऊन बसतो हे मला कधी दिसलं नव्हतं.

"म्हणजे त्या हळदीच्या दिवाळीला तुमचा नेम बराबर होता, वैनी," ती म्हणाली. "हात जड पडला." आणि पुन्हा हसली. या वेळी सासूबाईही खाटेवरून हसल्या. मला राग यायला हवा होता, थोडा आलाही. मग तिनं मलाच खाटेवर सासूबाईंशेजारी बसवलं. "तुमी बी बसा. आजी एकट्या थोड्याच ऱ्हाणार हायेत हितं?" एकेका पट्ट्यापुढं सरकवत तिनं आम्हा दोघींना निरखलं आणि एका पट्ट्यावर हात ठेवला. "ह्यात दोघी बऱ्या दिसता."

रंगाऱ्यानं दोन हात दिले. भिंत वाळली त्या दुपारी मी आधी आमच्या खोलीत उभी राहिले, मग तिच्या खोलीत जाऊन आले, मग परत आमच्या. दोन वेगळे पांढरे लावले तेव्हा कुठं दोन खोल्या सारख्या झाल्या होत्या. सासूबाईंना आत आणून निजवलं. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, हातानं भिंत चाचपली आणि गप झाल्या. संध्याकाळी पोटभर जेवल्या. इंदूबाईच्या खोलीचं नाव काढलं नाही. थोरले दीर समाधानानं पुसेगावला गेले. मी जिंकले असं मला वाटलं.

आठवडाभरानं एका दुपारी मी त्यांना पाणी पाजत होते. त्यांनी माझं मनगट धरलं.

"इंदे."

मी म्हणणार होते, मी आहे, इंदूबाई नाही. पण त्या पुढं बोलायला लागल्या.

"इंदे, लई दिस झाले तुझ्या घरी येऊन. आता मला घरी सोड. सुमन जेवली नसंल."

सुमन माझं नाव. त्यांच्या तोंडून ते मी पहिल्यांदा ऐकत होते. मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"येडी हाय ती," सासूबाई म्हणाल्या. "चुन्यात हळद घालती. पर मी जेवल्याबिगर घास घेत न्हाई. तेल लावती तर पाय असा मांडीवर घेती, लेकरावाणी. माझ्या पोटच्या लेकीनं घेतला नसता. घरी सोड मला. वाट बघत असंल."

मी सुमन आहे, असं म्हटलं असतं तर त्या गप झाल्या असत्या. माझ्याशी त्या हे बोलल्याच नसत्या; इतक्या वर्षांत बोलल्या नव्हत्या. त्यांच्या लेखी ती इंदूबाईची खोली होती म्हणून बोलत होत्या. मी घसा खाकरला आणि इंदूबाई बोलायची तसं म्हणाले, "सोडते आजी. ऊन उतरू द्या."

"बरं," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटले.

त्यानंतर चार-सहा दिवसांनी सासूबाई त्याच खोलीत, आमच्याच घरात गेल्या. गावाकडची माणसं आली. कुणी नावं ठेवली नाहीत. उलट सुनेनं म्हातारीचं चांगलं केलं असंच म्हणाली. इंदूबाईनं सगळं अंग पुसून काढलं, केस विंचरले आणि मग कोपऱ्यात बसून मोठ्यानं रडली. मी तिच्याइतकी रडले नाही. त्या दुपारचं मी तिला सांगितलं नाही, ह्यांनाही नाही. मला मिळालेला तो एकच शब्द तिचं नाव लावून घ्यावा लागला होता. ते मला सांगवत नव्हतं आणि गिळवतही नव्हतं.

दीड-दोन वर्षांनी इंदूबाईनं औंढ्याच्या रस्त्याला घर बांधलं. तिथं मी जाईपर्यंत ती राहिली नाही. दुसऱ्यांचं रक्त तपासता तपासता तिचं स्वतःचं दुखणं मागं पडलं होतं. त्यामुळं मला ती दिसते ती, तिनं जागा सोडली त्या दिवसाची.

सामानाचा टेम्पो नवऱ्याबरोबर पुढं गेला होता. मी निरोप द्यायला गेले तेव्हा ती रिकाम्या मधल्या खोलीत उभी होती. कोनाडा मोकळा. भिंत तशीच सायीसारखी.

"नव्या घरात कुठला पांढरा लावला?" मी विचारलं.

"कुठला बी." ती जरा हिरमुसलेली वाटली. "चारी अंगांनी खिडक्या हायेत वैनी. तिथं काय बी चालतं. मजा न्हाई."

मग काय झालं माहीत नाही, त्या रिकाम्या खोलीत माझ्या तोंडून निघून गेलं. ती दुपार, पाण्याचा पेला, सासूबाईंनी तिच्या नावानं मला काय सांगितलं, सगळं. मला वाटलं तिला धक्का बसेल. ती शांतपणे पदरानं कोनाडा पुसत होती.

"ते तर मला रोजच सांगायच्या," ती म्हणाली.

"रोज?"

"डाळ निवडता निवडता. सुमननं असं केलं, सुमननं तसं केलं. तुमच्या पुरणपोळीचं तर कितीदा ऐकलं मी. मी म्हणायची, आजी, तिला सांगा की. तर म्हणायच्या, तुला सांगते तेवढं पुरं. सून डोक्यावर चढती."

"आणि तुम्ही मला कधी बोलला नाहीत?"

"त्यांनी माझ्याजवळ ठेवलेलं. मी कशी बोलणार?"

सगळ्या जगाला स्वतःची थोरवी ओरडून सांगणारी ही बाई, आणि माझी तेवढी तिनं गिळून ठेवली होती. मी त्या भिंतीकडं पाहिलं. इतकी वर्षं तिच्या या बाजूला माझं कौतुक होत होतं आणि त्या बाजूला मी निळीचे हात मारत बसले होते.

ती बाहेर आली, दाराला कुलूप लावलं, स्कूटी सुरू केली. मी हँडल धरलं.

"आणखी काय काय म्हणायच्या?"

"लई हाय ते. एका दिवसात व्हणारं न्हाई." तिनं माझी हनुवटी धरली, तोंड उन्हाकडं वळवलं, पापणी ओढली. "रक्त कमी हाय. या घरी निवांत, सांगते समदं."

आणि माझ्या सासूबाईंचं उरलेलं सगळं बोलणं बरोबर घेऊन इंदूबाई पांढरी साडी खोचून गल्लीच्या वळणावरून गेली.